तण उपटूनही पुन्हा का येते? परसबाग, सोसायटीची बाग आणि टेकडी यांसाठी समस्या निवारण

तक्रार बहुतेक ठिकाणी एकसारखीच असते. जूनच्या पहिल्या पावसानंतर वाफे स्वच्छ खुरपले जातात, आठ-दहा दिवस बाग नेटकी दिसते, आणि श्रावण लागेपर्यंत तेच तण पूर्वीपेक्षा दाट होऊन उभे राहते. त्यात लावलेली मिरची-वांग्याची रोपे खुरटतात, जास्वंदीवर पिठ्या ढेकूण परत येतो, आणि टेकडीवर श्रमदानाने साफ केलेला पट्टा पुढच्या वर्षी आधीपेक्षा जास्त झुडपांनी भरून जातो. यावर मिळणारा नेहमीचा सल्ला म्हणजे ‘वेळच्या वेळी निंदणी करा’. हा सल्ला चुकीचा नाही, पण अपुरा आहे. परत आलेले तण नेमके कशातून परत आले हे तपासल्याशिवाय केलेली निंदणी कित्येकदा त्या तणाच्याच पथ्यावर पडते.

म्हणून उपायाकडे वळण्यापूर्वी एक साधी तपासणी करावी. पाऊस उघडल्यावर, जमीन वाफशावर (ओलसर, पण चिखल नसलेली) असताना, नव्याने उगवलेल्या तणाची पाच-सहा रोपे ओढून न काढता खुरप्याने बाजूची माती सैल करून वीतभर खोलीपर्यंत अलगद उचलावीत आणि बादलीतील पाण्यात मुळे धुवावीत. मुळाशी फक्त बारीक तंतू आणि कोंबावर दोन बीजपत्रे दिसली, तर ते तण बियांतून आलेले आहे. मुळाशी काळपट गाठ, जाड पांढरा आडवा धागा किंवा जुन्या खोडाचा तुकडा सापडला, तर मागच्या वेळी काढलेल्या झाडाचाच तो उरलेला भाग आहे. आणि ज्या कुंडीत किंवा वाफ्यात हे तण पूर्वी कधीच नव्हते तेथे ते अचानक दिसू लागले असेल, तर ते माती, शेणखत, रोपवाटिकेची पिशवी, लॉनचा गालिचा किंवा पक्षी यांपैकी कोणाबरोबर तरी बाहेरून आलेले असते. या तिन्हींचे उपाय परस्परांपासून इतके वेगळे आहेत की एकाचा उपाय दुसऱ्याला लावला तर नुकसानच होते.

रोप खुरटण्याचे कारण तण आहे की दुसरे काही, हेही आधी पाहिले पाहिजे, कारण तणाने पिवळे पडलेल्या रोपाला खत घातले तर त्या खताचा मोठा वाटा तणच उचलते. तणाच्या सावलीत वाढलेले रोप उंच, किडकिडीत आणि फिकट खोडाचे होते, त्याच्या दोन पानांमधील अंतर वाढते. पाण्याची स्पर्धा असेल, तर पावसाळा संपल्यावर, म्हणजे ऑक्टोबरच्या उन्हात, रोप दुपारी मान टाकते आणि शेजारचे तण मात्र टवटवीत राहते. नत्र कमी पडू लागले की खालची जुनी पाने आधी पिवळी होतात. भाजीपाल्याच्या बाबतीत लागवडीनंतरचे पहिले तीस ते पंचेचाळीस दिवस निर्णायक असतात. या काळात वाफा स्वच्छ राहिला, तर पुढे आलेल्या थोड्याफार तणाने उत्पादनात फारसा फरक पडत नाही. उलट या काळात दुर्लक्ष झाले, तर नंतर कितीही कसून खुरपणी केली तरी गेलेली वाढ भरून येत नाही. पोसलेल्या आंब्याला किंवा चिकूला बुंध्याजवळच्या गवताचा उपद्रव जाणवतही नाही, मात्र मागच्या पावसाळ्यात लावलेल्या कलमाच्या आळ्यात तेच गवत मुळांशेजारी मुळे पसरून पाणी आणि अन्न ओढत असते. त्यामुळे सगळी बाग सरसकट तासून काढण्यापेक्षा नव्या रोपांची आळी आणि भाजीचे वाफे यांवर आधी श्रम खर्च करावेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

पावसाळ्यात उगवणाऱ्या प्रत्येक गोष्टीवर खुरपे चालवण्याची गरजही नसते. टाकळा, घोळ, तांदुळजा आणि कुर्डू कोवळे असताना खुडले तर स्वयंपाकघरात जातात, आणि त्यांतून बी धरण्याआधीच त्यांचा बंदोबस्त होतो. गटाराकाठची आणि रस्त्याकडेची भाजी मात्र घेऊ नये.

लव्हाळा: उपटल्याने वाढणारे तण

परसबागेतील सर्वांत चिवट तक्रार लव्हाळ्याची असते, म्हणून तो सविस्तर पाहू. ओळख सोपी आहे: दांडा बोटांत धरून फिरवला तर तीन कडा जाणवतात, आणि पाने तीन दिशांनी फुटलेली असतात. गवताचा दांडा गोल किंवा चपटा असतो व त्यावर पेरे असतात, लव्हाळ्याच्या दांड्यावर पेरे नसतात. आयुर्वेदात नागरमोथा म्हणून जे सुगंधी कंद वापरतात, ते याच वनस्पतीचे आहेत.

लव्हाळा हाताने ओढला की हातात पाने, दांडा आणि फार तर दांड्याच्या तळाची लहानशी गाठ येते. त्या गाठीपासून तारेसारखा बारीक, कडक धागा जमिनीत जातो आणि त्यावर काळपट सालीचे, आतून पांढरे कंद एकापुढे एक ओवलेले असतात. ओढताना नेमका हाच धागा तुटतो. कंद जमिनीतच राहतात, आणि येथेच खरी अडचण सुरू होते. माळेच्या टोकाचा कंद जिवंत आणि जोडलेला असेपर्यंत मागच्या कंदांचे डोळे बहुधा झोपलेले असतात. माळ तुटली की ही अडवणूक संपते आणि प्रत्येक कंद स्वतंत्रपणे कोंब काढू शकतो. त्यामुळे लव्हाळ्याच्या वाफ्यात कुदळीने एकदाच जोरात खणाखणी करून माती सारखी करणे म्हणजे एका माळेची अनेक रोपे करून ती वाफाभर पसरणे होय. ‘खणल्यावर दुप्पट आला’ ही तक्रार अतिशयोक्तीची नसते.

लव्हाळ्यावर दोनच गोष्टी प्रभावी ठरतात: कंदातील साठा संपवणे आणि कंद वाळवणे. उगवलेला कोंब सुरुवातीचे काही दिवस कंदातील साठ्यावर जगतो, नंतर पानांनी कमावलेले अन्न खाली पाठवू लागतो आणि त्यातून पुढील काही आठवड्यांत नवे कंद धरू लागतात. म्हणून दर दोन आठवड्यांनी, पाने चार-पाच झाली की लगेच, खुरप्याने दांडा मातीच्या किंचित खालून कापत राहिल्यास कंदाला प्रत्येक वेळी साठ्यातून खर्च करावा लागतो व परतफेड मिळत नाही. हे काम एका हंगामात मध्येच सोडले तर केलेले श्रम वाया जातात, कारण एका महिन्याच्या मोकळिकीत लव्हाळा गमावलेले सगळे परत मिळवतो. दुसरा मार्ग उन्हाळ्याचा आहे. एप्रिल-मे महिन्यांत वाफा रिकामा ठेवून, पाणी पूर्ण तोडून, माती वीतभर खोल उलटावी, ढेकळे फोडू नयेत, आणि कंद उन्हात उघडे पडतील अशी दर आठवड्याला चाळवाचाळव करावी. बहुतेक कंद वरच्या पंधरा सेंटिमीटरच्या थरात असतात, आणि विदर्भ-मराठवाड्याच्या कडक उन्हात सुरकुतून टणक झालेला कंद पुन्हा फुटत नाही. उन्हाळी नांगरटीचा जुना प्रघात यासाठीही उपयोगी पडतो. कोकणात हवेतील दमटपणामुळे हा उपाय सावकाश लागू पडतो, तेथे माती चाळणीने चाळून कंद वेचून काढणे छोट्या वाफ्यात अधिक खात्रीचे ठरते.

लव्हाळ्याचे एक दुर्बळ अंगही आहे: त्याला सावली सोसत नाही. प्रखर उन्हात तो झपाट्याने वाढतो, पण दाट पानांच्या छताखाली त्याची वाढ आणि कंद धरणे दोन्ही मंदावतात. कापणीचे दोन-तीन फेरे झाल्यावर त्या वाफ्यात चवळी, ताग किंवा रताळ्याचा वेल दाट लावला तर उरलेले काम बऱ्याच अंशी ती सावली करते. काळे प्लास्टिकचे आच्छादन मात्र लव्हाळ्यावर भरवशाचे नाही. त्याचा टोकदार कोंब पातळ प्लास्टिक भोसकून वर येतो, हे शेतात मल्चिंग पेपर अंथरणाऱ्यांनी पाहिलेले असते.

हराळीचे गणित थोडे वेगळे आहे. तिची आडवी खोडे जमिनीवर आणि जमिनीखाली अशी दोन्हीकडे पळतात आणि प्रत्येक पेऱ्याशी मूळ धरतात, त्यामुळे पेऱ्याचा एक तुकडा राहिला तरी पुरतो. येथे कुदळीऐवजी दाताळे किंवा बागेचा काटा वापरावा, म्हणजे खोडे तुटत नाहीत, अखंड निघतात. लॉन आणि वाफा यांच्यामध्ये वीतभर खोल विटांची किंवा पत्र्याची कड उभी गाडली, तर लॉनमधून येणारी वाट बरीच बंद होते.

केना आणि घोळ: उपटून टाकलेले तण जिवंत राहते तेव्हा

निळ्या फुलांचा केना पावसाळ्यात कुंडीच्या कडेने पसरतो, सहज तुटतो आणि म्हणूनच निरुपद्रवी वाटतो. त्याचे रोप मुळासकट उचलून धुतले तर मुळांजवळ जमिनीखाली गेलेले फिकट, पाने नसलेले फाटे दिसतात. या फाट्यांवर जमिनीच्या आतच न उमलणारी फुले येतात आणि तेथेच बी तयार होते. वरची निळी फुले खुडून ‘बी धरू दिले नाही’ असे समाधान मानणाऱ्याला हा भाग दिसतच नाही. शिवाय खोडाचा तुकडा ओल्या मातीवर पडला की पेऱ्याशी मुळे फुटतात. म्हणून केना पावसाच्या दिवशी कापू नये, उघडीप पाहून मुळासकट उचलावा आणि तुकडे वाफ्यात न सोडता गोळा करावेत. घोळीचेही असेच आहे. मांसल खोडात पाणी असल्याने ती उपटून वाफ्याच्या बांधावर टाकली तरी कित्येक दिवस जगते, पुन्हा मूळ धरते, आणि फुलावर असेल तर पडल्या जागी बी पिकवते.

बियांचा साठा आणि हलवलेली माती

ज्या बागेत तपासणीत केवळ बीजपत्रांची रोपे सापडतात, तेथे दोष मातीत साठलेल्या बियांचा असतो. हा साठा किती टिकतो याचा सर्वांत प्रसिद्ध पुरावा अमेरिकेतील मिशिगनचा आहे. तेथे विल्यम बील या वनस्पतिशास्त्रज्ञाने १८७९ मध्ये तणांच्या बिया बाटल्यांत भरून पुरल्या, त्यांतील एक बाटली २०२१ मध्ये उघडली तेव्हाही काही बिया उगवल्या. आपल्या उष्ण, ओल्या मातीत बिया इतक्या दीर्घकाळ टिकतीलच असे नाही, पण एका खुरपणीत साठा संपत नाही हे ध्यानात यावे.

अनेक तणांच्या बारीक बियांना उगवण्यासाठी प्रकाशाची क्षणभर झलक पुरते. खोल खणले की तळाच्या बिया वर येतात आणि त्यांना ती झलक मिळते. त्यामुळे एकदा वाफा तयार झाल्यावर प्रत्येक लागवडीपूर्वी तो पुन्हा खोल खणण्याची सवय सोडावी. त्याऐवजी लागवडीच्या दोन-तीन आठवडे आधी वाफा तयार करून पाणी द्यावे, वरच्या थरातील तण मुद्दाम उगवू द्यावे, आणि ती रोपे दोन पानांवर असताना कोरड्या दिवशी खुरप्याचे पाते मातीवर आडवे ठेवून जेमतेम बोटभर खोलीवर खरवडून काढावीत. हे दोनदा केल्यावर मगच रोप लावावे. यानंतर सात ते दहा सेंटिमीटर जाड आच्छादन घालावे. वाळका पालापाचोळा, भाताचा पेंढा, उसाचे पाचट, नारळाच्या झावळ्यांचे तुकडे असे जे गावात फुकट मिळते ते चांगले. बी धरलेले गवत आच्छादनासाठी वापरणे म्हणजे तणाची पेरणीच. रोपाच्या खोडाभोवती चार बोटे जागा मोकळी ठेवावी, नाहीतर ओलीने खोड कुजते.

बाहेरून येणाऱ्या बियांच्या वाटांमध्ये अर्धवट कुजलेले शेणखत पहिले येते. गुरांच्या पोटातून अनेक बिया जिवंत बाहेर पडतात. खताच्या ढिगाच्या मध्यभागी पंचावन्न-साठ अंशांची उष्णता काही दिवस टिकली आणि ढीग उलटापालटा झाला तरच त्या मरतात. ट्रकने आणलेली ‘लाल माती’ हा दुसरा मार्ग. ती टाकण्यापूर्वी दोन-तीन कुंड्यांत भरून, पाणी घालून तीन आठवडे पाहावी. रोपवाटिकेतून आणलेल्या पिशवीत लव्हाळ्याचा एकही कोंब दिसला तर ते रोप विलग ठेवावे व लावताना मुळांभोवतीची माती झाडून कंद शोधावेत.

कीड पुन्हा येते, पण कारण कुंपणाबाहेर असते

काही वेळा तणाची हानी स्पर्धेतून न होता कीड-रोगांतून होते, आणि ती ओळखणे अवघड असते. जास्वंदीवरचा पांढरा, कापसासारखा पिठ्या ढेकूण फवारणीने जातो आणि पंधरा दिवसांनी पुन्हा दिसतो, तेव्हा औषध बदलण्यापूर्वी कुंपणापलीकडील गाजरगवताचे शेंडे आणि खोडाचे कोपरे पाहावेत. कपाशीला छळणारा पिठ्या ढेकूण गाजरगवतावरही सुखाने वाढतो आणि जास्वंदीवरही. मुंग्या त्याची पिल्ले इकडून तिकडे नेतात. तण तसेच ठेवून जास्वंदीवर फवारत राहिल्यास हा फेरा संपत नाही. मात्र कीड भरलेले तण हलवून उपटले तर ती पिल्ले बागेतच पसरतात. आधी त्यावर साबणाचे पाणी मारावे, मग पिशवीत घालून काढावे.

विषाणूंचाही असाच संबंध आहे. आंध्र प्रदेशातील अनंतपूर जिल्ह्यात २००० साली भुईमुगाचे पीक ज्या विषाणूने उद्ध्वस्त केले, त्याचा प्रसार गाजरगवताच्या परागकणांतून आणि फुलकिड्यांमार्फत झाल्याचे संशोधनात दिसून आले. गाजरगवतावर त्या रोगाचे कोणतेही लक्षण दिसत नव्हते. परसबागेत भेंडीवर केवडा हा पाने पिवळी करणारा रोग वारंवार येत असेल, तर कडेला वाढलेले ओसाडी नावाचे तण पाहावे. त्याच्या पानांवर पिवळ्या शिरांची जाळी दिसली तर ते पांढऱ्या माशीने पसरणाऱ्या विषाणूंचे लक्षण असते, आणि पांढरी माशी तेथे तळ ठोकून आहे असे समजावे.

अमरवेलीबद्दल एवढेच सांगतो की मेंदीच्या किंवा ड्युरांटाच्या कुंपणावर पिवळे दोरे दिसले तर ते दोरे उकलत बसू नयेत. राहिलेला तुकडा पुन्हा फांदीत शोषके घालतो. दोरे असलेली फांदी खालपासून छाटून, फुलण्यापूर्वी जाळून टाकावी.

गाजरगवत: केव्हा काढावे हाच खरा प्रश्न

गाजरगवत १९५५-५६ च्या सुमारास पुण्यात लक्षात आले आणि तेथून देशभर पसरले. आयात गव्हातून ते आले असे सर्वत्र सांगितले जाते, मात्र एकोणिसाव्या शतकातील वाळवलेले नमुनेही भारतात आढळले असल्याने गव्हाने त्याचा प्रसार वाढवला असे म्हणणे जास्त सुरक्षित आहे. एका झाडापासून पंधरा ते पंचवीस हजार बिया तयार होऊ शकतात, त्या हलक्या असतात, आणि ओल मिळाली की वर्षातील जवळजवळ कोणत्याही महिन्यात उगवतात. पाने व मुळांतून सुटणारी द्रव्ये शेजारच्या रोपांची उगवण व वाढ रोखतात, म्हणून त्याच्या दाटीत दुसरे फारसे काही दिसत नाही.

सोसायट्या आणि ग्रामपंचायती हे तण बहुधा सप्टेंबर-ऑक्टोबरात, म्हणजे रस्त्याकडा पांढऱ्या फुलांनी भरल्यावर काढतात. तोपर्यंत बिया पिकून गळू लागलेल्या असतात, आणि झाडे उपटून ओढत नेताना त्या सगळ्या वाटेवर सांडतात. हेच काम जुलैमध्ये, पाने जमिनीलगत चक्रासारखी पसरलेली असताना, ओल्या जमिनीतून मुळासकट केले तर एकाच फेरीत पुढच्या हंगामाचा भार कमी होतो. जबलपूरचे तण संशोधन संचालनालय दरवर्षी १६ ते २२ ऑगस्ट हा आठवडा गाजरगवत जागृतीसाठी पाळते. महाराष्ट्रात तो शेवटचा सोयीचा आठवडा समजावा, सुरुवातीचा नव्हे. फुलण्यापूर्वी काढलेले गाजरगवत कंपोस्ट खड्ड्यात चालते, फुलावर आलेले चालत नाही. काढताना हातमोजे, पूर्ण बाह्या आणि तोंडावर फडके हवे, कारण त्यातील पार्थेनिन या द्रव्याने त्वचेला चट्टे उठतात, खाज सुटते, आणि परागांमुळे काहींना दम्याचा त्रास होतो. ज्यांना एकदा असा त्रास झाला आहे त्यांनी या कामापासून दूरच राहावे.

मेक्सिकन भुंग्यावर काहींची मोठी भिस्त असते. तो १९८३ मध्ये बंगळुरूला आणला गेला आणि चाचण्यांनंतर १९८४ मध्ये मोकळा सोडण्यात आला. फिकट पिवळसर पाठीवर तपकिरी नागमोडी रेषा असलेला हा भुंगा आणि त्याच्या अळ्या पावसाळ्यात गाजरगवताची पाने चाळणीसारखी करतात, पण थंडीत व उन्हाळ्यात भुंगे जमिनीत निपचित राहतात आणि त्या काळात पाटाकाठी, नळाखाली उगवलेले गाजरगवत निर्धास्त वाढते. भुंगे दिसत असतील तेथे पावसाळ्यात फवारणी टाळावी, उन्हाळ्यातील ओलीच्या जागा मात्र स्वतः साफ कराव्यात. साफ केलेल्या पडीक जागी टाकळ्याचे बी पावसापूर्वी टाकले तर तो दाट वाढून गाजरगवताला जागा देत नाही. हा उपाय स्वस्त आहे आणि माझ्या मते सर्वाधिक दुर्लक्षित आहे.

टेकडी, माळ आणि जंगल: येथे बागेचे नियम चालत नाहीत

नैसर्गिक जागेत प्रश्न वेगळा होतो, कारण तेथे आपण एखादे लावलेले रोप वाचवत नसतो, तर गवत, कंदवर्गीय फुले, झुडपे आणि त्यांवर जगणारे कीटक-पक्षी अशी आपोआप घडलेली रचना वाचवत असतो. घाणेरी, जिला टणटणीही म्हणतात, १८०९ च्या सुमारास शोभेसाठी कोलकात्याच्या वनस्पती उद्यानात आली. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाच्या अंदाजानुसार ती देशातील वाघांचा वावर असलेल्या वनप्रदेशात सुमारे १ लाख ५४ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे तेथील ४० टक्क्यांहून अधिक वनक्षेत्रात पसरली आहे. तिच्या जाळीखाली गवत मरते, झाडांच्या बियांतून आलेली रोपे उजेडाअभावी टिकत नाहीत, आणि चराऊ जनावरांना ती विषारी असल्याने त्यांच्याकडूनही तिला आळा बसत नाही. कोकणात आणि घाटमाथ्यावर हेच काम रानमोडी करते. तिच्या केसाळ बिया वाऱ्यावर जातात.

श्रमदानात घाणेरी कोयत्याने गुडघ्याएवढ्या उंचीवर छाटली जाते आणि वणवा लागला की ती संपेल अशीही समजूत असते. दोन्हींनी ती उलट दाटते, कारण खोड आणि मूळ यांच्या सांध्याशी असलेले डोळे शाबूत राहतात व एका खोडाच्या जागी अनेक फुटवे येतात. दिल्ली विद्यापीठाचे प्रा. सी. आर. बाबू यांनी प्रचारात आणलेल्या पद्धतीत पहारीने किंवा टिकावाने मुख्य मूळ जमिनीखाली, या सांध्याच्या खालून तोडतात आणि झुडूप उलटे करून मुळे वर ठेवून वाळवतात. सगळे मूळ खणून काढावे लागत नाही, त्यामुळे माती कमी हलते आणि उतारावर धूप कमी होते. हे काम फळे काळी होण्यापूर्वी करावे. पुढील दोन-तीन वर्षे बुलबुल-साळुंक्या बसतात त्या झाडांखाली नव्या रोपांची पाहणी करावी, कारण पक्ष्यांच्या विष्ठेतून बी सर्वांत आधी तेथे पडते. अख्खी टेकडी एकाच मोसमात उघडी करू नये. अनेक लहान पक्षी आणि ससे घाणेरीतच आसरा घेतात, म्हणून पट्ट्या-पट्ट्यांनी पुढे सरकावे.

घाणेरी काढूनही टेकडी दोन वर्षांत पुन्हा भरते, याचे कारण बहुतेक वेळा रिकामी सोडलेली जमीन हे असते. तेथे घाणेरीचीच रोपे येतात, किंवा तिच्या जागी गाजरगवत आणि कॉसमॉस येतो. काढल्याबरोबर त्याच पावसाळ्यात मारवेल, पवन्या, कुसळी यांसारख्या त्या भागातील गवतांचे बी किंवा ठोंब लावले पाहिजेत आणि ती जागा पहिले वर्ष चराईपासून राखली पाहिजे. येथे उत्साहाने होणारी एक गोष्ट टाळावी, ती म्हणजे मोकळी जागा दिसली की खड्डे खणून झाडे लावणे. पुण्याच्या टेकड्यांवर जुन्या लागवडीतील गिरिपुष्पाच्या (ग्लिरिसिडिया या परदेशी झाडाच्या) राया पाहिल्या की लक्षात येते की हिरवे दिसणे आणि निसर्ग परतणे या एकच गोष्टी नाहीत. गवताळ माळ ही उणीव नसते, ती स्वतःच एक परिसंस्था असते, आणि खड्ड्यांनी उकरलेली माती तणाला आयते आमंत्रण देते.

पिवळ्या-केशरी कॉसमॉसबद्दल लोकांना सांगणे सर्वांत कठीण जाते, कारण तो सुंदर दिसतो. सप्टेंबरमध्ये त्याच्या ताटव्यांत छायाचित्रे काढण्यासाठी गर्दी होते, आणि बी पाकिटांतून विकतही मिळते. मेक्सिकोकडचे हे फूल रस्त्याच्या दुभाजकावरून आणि फार्महाऊसच्या कुंपणावरून पुण्याभोवतीच्या टेकड्यांवर पोहोचले आहे आणि पावसाळ्याअखेरीस फुलणाऱ्या देशी वनस्पतींच्या जागा व्यापते. सुदैवाने ते एकाच हंगामाचे झाड आहे. फुलणे सुरू होताच, बी पिकण्यापूर्वी, सलग काही वर्षे उपटले तर त्याचा साठा आटतो. टेकडीजवळ राहणाऱ्यांनी ते बागेत लावू नये. हौस असेल तर तेरडा किंवा झेंडू लावावा.

तणनाशक आणि घरगुती मिश्रणे

परसबागेत तणनाशकाची शिफारस मी करणार नाही. टू-फोर-डी सारख्या औषधाचे तुषार किंवा वाफ वाऱ्याबरोबर शेजारच्या टोमॅटो, कपाशी किंवा द्राक्षवेलीपर्यंत गेली की पाने पिळवटतात, आणि ते दुखणे पुष्कळदा विषाणूरोग समजून त्यावर भलतेच उपचार केले जातात. कोवळी पाने पंख्यासारखी, शिरा समांतर झालेली दिसली तर गेल्या पंधरवड्यात जवळपास कोणी तणनाशक मारले का, हे आधी विचारावे. व्हिनेगर, मीठ आणि साबण यांचे मिश्रण सध्या सर्वत्र सुचवले जाते. व्हिनेगर वरची पाने करपवते, लव्हाळ्याच्या कंदापर्यंत पोहोचत नाही. मीठ मात्र मातीत राहते, आणि निचरा कमी असलेल्या काळ्या जमिनीत ते तणापेक्षा आपल्या रोपांनाच अधिक काळ भोवते. फरशीच्या फटींतील तणावर उकळते पाणी ओतणे पुरेसे असते.

उपटलेल्या तणाची विल्हेवाट लावताना बियांवर न आलेले वार्षिक तण आच्छादन म्हणून किंवा कंपोस्टमध्ये वापरावे. घरगुती कंपोस्टच्या डब्यात बिया मरण्याइतकी उष्णता निर्माण होत नाही, म्हणून बी धरलेले तण त्यात घालू नये. लव्हाळ्याचे कंद आणि हराळीची खोडे गच्चीवर किंवा पत्र्यावर पसरून, कंद बोटांनी दाबून मऊ लागत नाहीत इतके वाळवावेत आणि मगच खड्ड्यात टाकावेत. पावसाळ्यात ऊन नसेल तर ती गोणीत बांधून छपराखाली कोरडी ठेवावीत आणि ऑक्टोबरच्या उन्हात पसरावीत.

उपाय लागू पडतो आहे की नाही हे पाहण्यासाठी वाफ्याच्या एका कोपऱ्यात हातभर लांबी-रुंदीचा चौकोन दोरीने आखावा, प्रत्येक खुरपणीच्या वेळी त्यातील तणांची रोपे प्रकारानुसार मोजून वहीत लिहावीत. बियांतून येणाऱ्या तणांचा आकडा दुसऱ्या पावसाळ्यात स्पष्ट उतरला पाहिजे. लव्हाळ्याचे कोंब पहिल्या दोन-तीन फेऱ्यांत वाढलेले दिसतील, ते झोपलेले कंद जागे झाल्याचे लक्षण आहे आणि तेव्हा काम थांबवू नये. एखाद्या तणाचा आकडा सारखाच राहत असेल, तर पुन्हा पाच-सहा रोपे उचलून मुळे धुऊन पाहावीत, आणि त्या महिन्यात बागेत कोणती माती, कोणते खत किंवा कोणते रोप आले याची नोंद त्याच वहीत शेजारी करावी.